मदत हवी आहे: 'इम्पल्सिव्हिटी'ला घरात बोलता येईल असा शब्द

एडीएचडीवरचं (लक्ष न टिकणं, सतत चुळबुळ, स्वतःला न आवरता येणं अशी लक्षणं असलेली अवस्था) पालकांसाठीचं पत्रक मराठीत करतेय, 'इम्पल्सिव्हिटी'पाशी अडलेय. २०१३ च्या डीएसएम-५ मधला (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकी पुस्तिका) अर्थ ठोस आहे: प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देऊन टाकणं, आपली पाळी येईपर्यंत दम न धरवणं, दुसऱ्यांच्या बोलण्यात-खेळात घुसणं.

'आवेगशीलता' पुस्तकी, शिवाय वाचताना राग डोळ्यासमोर येतो. 'उतावळेपणा' सर्वांत जवळचा, पण तो स्वभावदोष ठरतो आणि ओरडा मुलालाच बसतो. 'आततायीपणा' फारच टोकाचा. 'चंचलता' नको, ती लक्ष न टिकण्याकडे जाते. सध्या 'विचाराआधी कृती' लिहिलंय, पण "त्याची विचाराआधी कृती वाढलीय" असं कोण म्हणेल?

नामच हवं, फार तर दोन शब्दांचं, दोष न देणारं. वाक्य असं: "औषधानंतर त्याचा/त्याची ____ कमी झाली का?" इथे तुम्ही काय म्हणाल?