केरी ते पोळे, किनाऱ्याकिनाऱ्याने एकट्याने: वजन, भरती आणि रात्रीचा मुक्काम

डिचोलीचा वाटसरू

नमस्कार मंडळी. दत्तजयंतीच्या सुमारास सहा दिवस मोकळे आहेत. पेडण्यातल्या केरीपासून (सत्तरीतलं नव्हे) काणकोणात पोळ्यापर्यंत समुद्राच्या कडेने एकट्याने चालायचा बेत आहे. एका माणसाचा तंबू, मॅट, स्लीपिंग बॅग, गॅसची शेगडी आणि सहा दिवसांचा शिधा भरून ६५ लिटरची सॅक काट्यावर ठेवली, तर १६ किलो भरली. पाणी वेगळं. एवढं वजन वाळूत झेपतं का? नद्यांची मुखं कुठून ओलांडायची? आणि तंबू कुठे लावायचा? डोंगर चढायची सवय आहे, किनाऱ्याची नाही.

मुरगाव किनारा

आधी ओहोटीचं बघा, बाकी सगळं त्यावर ठरतं. ओल्या घट्ट वाळूवर ताशी ४ किमी आरामात पडतात. भरतीने वर रेटलं की भुसभुशीत वाळूत तेच अंतर कापायला दीडपट वेळ लागतो आणि पोटऱ्या भरून येतात. दुसरा त्रास उताराचा. भरतीच्या रेषेजवळ किनारा समुद्राकडे कललेला असतो. तुम्ही दक्षिणेकडे जाणार, म्हणजे उजवा पाय सहा दिवस खालीच पडणार. त्याने गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायला लागते. पाणी मागे हटल्यावर उघडी पडणारी पट्टी बरीचशी सपाट असते, म्हणून ओहोटीच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन तास सोडू नका.

दत्तजयंतीचा मुहूर्त चांगला आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला आपल्याकडे ओहोटी पहाटे पाचच्या आसपास पूर्ण होते आणि रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी निघालात, तर पहिल्या सकाळी सहाच्या सुमारास आणि शेवटच्या सकाळी साडेनऊ-दहाला, म्हणजे सहाही दिवस चालण्याच्या वेळेतच ओहोटी मिळेल. आठवडाभर उशिरा निघालात तर ती भर दुपारी येईल, ३२ अंशांच्या उन्हात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा जुना हिशोब इथे थोडा चुकतो, भरती त्याच्या आधी येते. मुरगाव बंदराचा तक्ता छापून घ्या.

आता नद्या. एकही मुख चालत किंवा पोहत ओलांडायचं नाही. ओहोटीला शापोराच्या तोंडावर वाळूचे पट्टे दिसतात, पलीकडचा किनारा हाकेवर वाटतो. पण नेमकं तेव्हाच नदीचं पाणी जोराने समुद्राकडे ओढत असतं, आणि पाठीवर सॅक असली की तोल सावरत नाही. मोरजीच्या टोकावरून आत वळून चोपडे-शिवोली पूल गाठा. मांडवीला बेतीहून पणजीची फेरीबोट, पायी माणसाला फुकट. साळ नदीला केळशी-असोळणा फेरी. मोबोरच्या टोकाला गेलात तर तेवढंच मागे यावं लागेल, म्हणून केळशीलाच किनारा सोडा. तळपण आणि गालजीबागच्या नद्यांवर २०१९ साली सुरू झालेल्या काणकोण बगलरस्त्याचे पूल आहेत. कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने चाला.

आगशी ते वेळसांव हा तुकडा बसने करा. झुआरी पूल आणि पुढचा हमरस्ता यांत पायी चालणाऱ्याला मिळवण्यासारखं काही नाही. खरं सांगायचं तर सहा दिवसांत मोरजी ते पणजीही गाळावं असं माझं मत आहे. उत्तरेत केरी ते मोरजी, मग बस, आणि वेळसांवपासून खाली सगळं पायी. वेळसांव ते मोबोर ही सलग वाळू गोव्यात दुसरीकडे नाही.

झावळ

१६ किलो नको. वाळूत प्रत्येक पाऊल मागे घसरतं, तिथे किलोकिलो मोजावा लागतो. हिशोब असा करा: सॅक १.५ किलो (४५ लिटर पुरते), तंबू १.६, मॅट ०.४, सुती चादर आणि पातळ शाल ०.६, कपडे १, औषधं-टॉर्च-पॉवर बँक ०.८, दोऱ्या आणि पिशव्या ०.२. झाले ६.१ किलो. एका दिवसाचं खाणं ७०० ग्रॅम, पाणी ३ लिटर. दहाच्या आत बसतं.

स्लीपिंग बॅग घरी ठेवा. डिसेंबरात किनाऱ्यावर रात्री १९-२० अंशांच्या खाली क्वचितच उतरतं. सहा दिवसांचा शिधाही नको, वाटेत गावं आहेत. सकाळी पोदेराकडे (पाववाल्याकडे) पाव आणि उंडे (गोल कडक पाव) मिळतात. सोबत फोव (पोहे), गूळ, शेंगदाणे आणि केळी असली की दुपार निघते. फक्त बेतूल ते आगोंद या टप्प्यात चढउतार जास्त आणि दुकानं कमी, तिथे पाणी ४ लिटर घ्या. घाम फार येतो, म्हणून रोज १ लिटरच्या मापाची ओआरएसची दोन पाकिटं लागतील. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी कित्येकदा मचूळ असतं, त्यावर विसंबू नका.

तंबूच्या खुंट्या वाळूत उभ्या ठोकल्या तर पहिल्या झुळकीला निघतात. सहा लहान नायलॉनच्या पिशव्या न्या. प्रत्येकीत दोन-अडीच किलो ओली वाळू भरा, तोंडाला दोरी बांधा, हातभर खड्डा करून पुरा आणि वरून पायाने दाबा. कोरडी वाळू भरलीत तर ताण आल्यावर पिशवी आकार बदलते आणि दोरी सैल पडते. पिशवी तंबूच्या कोपऱ्यापासून दोन पावलं लांब हवी. जवळ पुरली तर दोरी सरळ वर ओढते आणि पिशवी उपटून येते.

दार जमिनीच्या बाजूला ठेवा. संध्याकाळी वारा समुद्रावरून येतो, पण रात्री उलटून जमिनीवरून वाहायला लागतो, आणि त्याच वाऱ्याने आतली दमट हवा निघते. बाहेरचं कापड जमिनीपासून वीतभर उचलून ताणा. तसं केलं नाही तर पहाटे आतून पाणी टपकतं आणि तंबू गळतोय असं वाटतं. तो आपल्याच श्वासाचा दमटपणा असतो.

घट्ट वाळूवर अनवाणी चाललात तर फोडही येत नाहीत.

मुरगाव किनारा

झावळ, अनवाणी दिवसभर नको. ज्याला सवय नाही त्याच्या टाचेमागच्या शिरेवर दुसऱ्याच दिवशी ताण येतो. रोज ३-४ किमी पुरे, बाकी बूट आणि पातळ नायलॉनचे मोजे. दुपारी थांबलं की पाय गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवायचे. बोटांच्या बेचक्यांत राहिलेली ओली वाळूच कातडी सोलते. टाचेला गरम लागलं की तिथल्या तिथे थांबून चिकटपट्टी लावा, फोड आल्यावर नव्हे. मांड्यांना रोज सकाळी खोबरेल.

डिचोलीचा वाटसरू

वजनाचं पटलं. रात्री किनाऱ्यावर शेगडीवर नुसता चहा केला तर चालेल का? आणि मोरजीला पहिला मुक्काम?

सांगेवाली

दोन्हीला नाही. पर्यटनस्थळी उघड्यावर अन्न शिजवायला २०१९ च्या कायदादुरुस्तीपासून मनाई आहे आणि दंड होतो. शेगडी आणि गॅसचा डबा काढलात की आणखी ७००-८०० ग्रॅम कमी होतील. चहा वाटेत कुठेही मिळतो.

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे कासवांचे किनारे. ऑलिव्ह रिडले मादी रात्री वर येते, आणि हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे तुम्ही निघणार तेव्हाच. टॉर्चचा उजेड किंवा उभा तंबू दिसला तर ती अंडी न घालताच परतते. त्या चार ठिकाणी वाळूवर तंबू नको, आणि अंधारात टॉर्च पेटवून चालायचंही नाही.

तंबू न्या, पण तो कुणाच्या तरी परसात, विचारून लावायचा, असं धरून चला. दुपारी तीन-साडेतीनलाच गावात वळा. त्या वेळी घरी कुणीतरी भेटतं. अंधार पडल्यावर सॅकवाला अनोळखी माणूस दारात आला तर कुणीही नाहीच म्हणेल. आधी नाव-गाव सांगा, ओळखपत्र दाखवा, सकाळी सहाला निघेन म्हणा. देवळाच्या अग्रशाळेत (भाविकांच्या उतरायच्या खोल्यांत) जागा असली तर तंबू उघडायचंही काम नाही, मात्र देवस्थानाच्या समितीला आदल्या दिवशी फोन करावा लागतो. शॅकवाल्याकडे (किनाऱ्यावरच्या झोपडीवजा खानावळीत) जेवलात तर तोही कधी मागची जागा देतो.

जागा समुद्राजवळ असेल तर मर्यादवेल बघा, जांभळ्या फुलांची, शेळीच्या खुरासारख्या पानांची. नेहमीची भरती तिच्या अलीकडे थांबते, म्हणून तर हे नाव. वेलीच्या पलीकडे, जमिनीच्या बाजूला झोपायचं; वेलीवर किंवा वाळूच्या टेकडीवर नाही, कारण ती वाळू त्या मुळांनीच धरून ठेवलेली असते. तुमच्या तारखांना रात्रीची भरती बाराच्या पुढे, म्हणजे गाढ झोपेत येणार. माडाखालीही नको. नारळ काढलेला असला तरी सुकलेली चुडत (झावळी) पडतेच.

बेतूलच्या वरचा आणि काब द रामचा जांभा दगडाचा सडा (उघडं पठार) म्हणजे फुरशाची, विषारी सापाची जागा. रंग दगडासारखाच, दिसत नाही. संध्याकाळनंतर तिथे चालू नका, बसण्याआधी काठीने दगड हलवून बघा. काठी कुत्र्यांसाठीही हवीच. फुरसं चावलं तर धावू नका, पाय हलवू नका, बांधून रक्त अडवू नका, १०८ ला फोन.

एकटे आहात, म्हणून घरच्या एकाला कागदावर रोजचा मुक्काम आणि ओलांडायच्या नद्या लिहून द्या. संध्याकाळी सहाला मेसेज. आठपर्यंत आला नाही तर त्यांनी कुणाला फोन करायचा तेही त्याच कागदावर. काब द रामच्या बाजूला नेटवर्क जातं, त्या दिवसाची वेळ आधीच पुढची ठरवून ठेवा.

डिचोलीचा वाटसरू

देव बरें करूं. शेगडी काढली, स्लीपिंग बॅग काढली, मोबोर आणि मधला भाग गाळला. पहिला मुक्काम हरमलला गावात विचारून करतो.

झावळ

मग पहिल्या दिवशी लवकर थांबाल, चांगलंच. एक राहिलं: तंबूच्या चेनीत वाळू गेली तर जोर लावून ओढू नका, स्लायडर रुंदावतो आणि मग दात पकडतच नाही. जुना टूथब्रश ठेवा, रोज सकाळी झाडा. घरी आल्यावर तंबू, चेनी, दांडे सगळं गोड्या पाण्यात बुडवून सावलीत सुकवा. दांड्यांच्या आतल्या इलॅस्टिकमध्ये खारं पाणी राहिलं तर पुढच्या मोसमात दांड्याचे जोड सुटत नाहीत.