साइटवरचे बूट, ड्रिल आणि गाडी: ऑस्ट्रेलियात टॅक्समध्ये नक्की काय धरता येतं?

प्रश्न
फॉर्मवर्कचं (काँक्रीट ओतायच्या साच्यांचं) सुतारकाम करतो, पगारावर, एबीएनवर (स्वतःच्या धंद्याच्या नंबरवर) नाही. गेल्या वर्षी भीतीपोटी रिटर्नमध्ये एकही खर्च दाखवला नाही. या वर्षी स्टीलकॅप बूट, हाय-व्हिज (लांबून दिसणारा भडक रंगाचा) शर्ट, साइटसाठी दोन जीन्स आणि ४८० डॉलरचा ड्रिल स्वतःच्या पैशांनी घेतला. शिवाय रोज ३५ किलोमीटर गाडी, मागे सगळी हत्यारं. बरोबरचे म्हणतात, "रिटर्नमध्ये ३०० डॉलर खर्च दाखवून टाक, पावती कोण मागतंय?" मला ते पटत नाही. खोटं भरायचं नाही, पण हक्काचं सोडायचंही नाही.

स्टील फिक्सर, ११ वर्षं
भाऊ, पटत नाही तेच बरोबर आहे. ३०० पर्यंत पावती लागत नाही, पण खर्च खरोखर झालेला हवा आणि आकडा कसा काढला ते सांगता यायला हवं. बेरीज ३०० च्या वर गेली की सगळ्याच रकमेचे पुरावे लागतात, फक्त वरच्या भागाचे नाही.

बूट आणि हाय-व्हिज चालतात. जीन्स नाही; साइटवर कितीही फाटल्या तरी ते साधे कपडेच. उन्हात काम असेल तर सनस्क्रीन धरा. ड्रिल ३०० च्या वरचा, त्यामुळे एकदम नाही, घसारा म्हणून दरवर्षी थोडा थोडा. घरी वापरत असाल तर तेवढा भाग वजा करायचा.

गाडीचं मात्र नीट वाचा, मी स्वतः इथेच चुकलो. घर ते काम हा प्रवास खासगी धरतात. हत्यारं कामाला हवीच, नेण्याला अवजड आणि साइटवर कुलूपबंद जागाच नाही, तरच सूट. आमच्याकडे कुलपाचा कंटेनर होता, मी सवयीने हत्यारं घरी न्यायचो. रिटर्न दुरुस्त करून पैसे परत भरावे लागले. दिवसात एका साइटवरून दुसरीकडे पाठवलं, तर तो प्रवास चालतो.

हिशेब बघणारी, नवरा काँक्रीटच्या कामावर
पावत्यांची शाई उडते हो. घेतल्या दिवशीच फोटो काढा, पाच वर्षं जपा. हाय-व्हिज घरी धुता ना? फक्त कामाचे कपडे असतील तर एका धुण्याचा १ डॉलर, घरच्या कपड्यांबरोबर असतील तर ५० सेंट. आणि १,००० डॉलर धरले म्हणजे १,००० परत येत नाहीत, उत्पन्न तेवढं कमी धरतात. ३० टक्के टॅक्सच्या टप्प्यात असाल तर मेडिकेअर लेव्हीसकट (सरकारी आरोग्यसेवेसाठीचा २ टक्के कर) साधारण ३२० वाचतात.

प्रश्नकर्ता
आमच्या साइटवर कंटेनर नाही, हत्यारं ठेवायला खोलीही नाही. उद्या फोरमनकडून तसं लिहून घेतो. ड्रिलचं बिल ईमेलमध्ये सापडलं, मार्चचं आहे, म्हणजे घसारा तिथपासूनच मोजायचा. जीन्स काढून टाकल्या. ३१ ऑक्टोबरच्या आत भरतो.