मदत हवी आहे: खाजगी नोकरीतून सरकारी पदासाठी अर्ज, एचआर सही देत नाही

सहस्रधारा
एका केंद्रीय खात्यातल्या पदासाठी अर्ज करतेय. पात्रता सगळी बसते, एमएस्सी केमिस्ट्री आणि पाणी तपासणीचा भरपूर अनुभव. फॉर्मचं शेवटचं पान कार्यालयप्रमुखाने भरून सही-शिक्क्यानिशी द्यायचंय. आमच्या लॅबची एचआर म्हणते, असल्या कागदावर आम्ही सही करत नाही. वर अर्ज 'योग्य मार्गाने', म्हणजे आपल्या कार्यालयामार्फत, पाठवा असंही लिहिलंय. मी थेट स्पीडपोस्टने पाठवला तर चालेल का? की आगाऊ प्रत पाठवून सहीचं पान मागाहून देता येईल? मुदत संपत आलीय. ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच लिहा, प्लीज.

भास्करनाना
कुठलं पद? जाहिरात यूपीएससीची की खात्याची स्वतःची? वय किती? यातलं काहीच न सांगता कोण काय सांगणार?

वाटसरू
खाजगीतल्या माणसाला एनओसी लागतच नाही. मी स्वतः खाजगीतून सरकारीत आलोय. रुजू होताना आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर दिलं, बास. ते पान कोरं ठेवा आणि पाठवून द्या.

भास्करनाना
वाटसरू, तुमची सरळसेवा, म्हणजे थेट भरती होती. यांची तीच आहे कशावरून? कोरं पान पाठवा असं छातीठोक सांगू नका हो, मुदत एकदाच मिळते.

ध्येयवेडा
ताई, अशा एकेका जाहिरातीच्या मागे धावण्यापेक्षा राज्यसेवा द्या. खुल्या प्रवर्गाला ३८ पर्यंत वय चालतं, मागासवर्गीयांना ४३. जुने पेपर सोडवायला लागा, मी नियोजन करून देतो.

सहस्रधारा
राज्यसेवेचं विचारलेलं नाही. वय ३७. जाहिरात खात्याची स्वतःची, रोजगार समाचारमध्ये आलीय, प्रसिद्धीपासून ६० दिवसांची मुदत. पद वेतनश्रेणी लेव्हल ११ चं. वयोमर्यादा ५६ दिलीय, म्हणून तर वाटलं की अनुभवी लोकांसाठीच आहे. सही नसेल तर काय, एवढंच सांगा.

रानवारा
तुमच्यासारख्यांसाठी लॅटरल एन्ट्री आहे ना! खाजगीतून थेट मंत्रालयात.

भास्करनाना
ती सहसचिव, संचालक, उपसचिव या पदांसाठी. सहसचिवाला १५ वर्षांचा अनुभव मागतात. शिवाय ऑगस्ट २०२४ मध्ये ४५ पदांची जाहिरात आली आणि तीन दिवसांत मागे घेतली गेली.

रानवारा
मागे घेतली हेच चुकलं. बाहेरची तज्ज्ञ माणसं आत यायला नकोत का?

कोऱ्या_पाट्या
यायला हवीत, पण आरक्षण डावलून नाही. ४५ पदं आणि त्यात एकही राखीव नाही, हे कसं चालेल? मागे घेतली ते योग्यच झालं.

रानवारा
तज्ज्ञाचं पद एकेकटंच असतं, त्याला आरक्षण लावणार कसं?

कोऱ्या_पाट्या
मग एकाच जाहिरातीत ४५ पदं कशी आली?

जुनी_फाईल
लॅटरलचा वाद वेगळ्या धाग्यावर घ्या, इथे ताईंची मुदत चाललीय. सहस्रधारा, ५६ हा आकडा वाचून शंका आली. त्या शेवटच्या पानावर सचोटी प्रमाणपत्र, दक्षता मंजुरी (खात्याची चौकशी चालू नसल्याचा दाखला) आणि गेल्या दहा वर्षांत झालेल्या शिक्षांचं विवरण मागितलंय का? सोबत पाच वर्षांचे एपीएआर (सरकारी कर्मचाऱ्याचे वार्षिक कामगिरी अहवाल), प्रत्येक पान अवर सचिव दर्जाच्या अधिकाऱ्याने साक्षांकित केलेलं? आणि भरतीची पद्धत काय लिहिलीय ते जसंच्या तसं टाका.

सहस्रधारा
हो, हे सगळंच आहे! एपीएआर म्हणजे अप्रेझलच समजले होते. पद्धत: 'प्रतिनियुक्तीने (अल्प मुदतीच्या कंत्राटासह)'. कंत्राट म्हणजे बाहेरचे उमेदवार ना?

जुनी_फाईल
नाही. सही मिळाली तरी हा अर्ज छाननीत बाद होईल. प्रतिनियुक्ती म्हणजे आधीच सरकारी सेवेत असलेला माणूस काही वर्षांसाठी दुसऱ्या खात्यात जातो, मूळ पदावर त्याचा हक्क राहतो. कंत्राटाचा उल्लेख असतो तो सहसा विद्यापीठं, मान्यताप्राप्त संशोधन संस्था, सार्वजनिक उपक्रम, स्वायत्त संस्था इथल्या लोकांसाठी. पात्रतेचा परिच्छेद पुन्हा वाचा, 'केंद्र किंवा राज्य सरकारांचे अधिकारी' अशी सुरुवात असेल. त्या यादीत खाजगी कंपनी नसेल तर तुमची एचआर काय, मालकाने सही केली तरी उपयोग नाही. दक्षता मंजुरी खाजगी लॅब देणार कुठून?

सहस्रधारा
वाचलं. अगदी असंच आहे. मग सगळ्या देशाला दिसेल अशी जाहिरात देतात कशाला? किती दिवस घालवले मी यात!

जुनी_फाईल
कारण पात्र लोक सगळ्या राज्यांत, शेकडो कार्यालयांत विखुरलेले असतात. पण तुमची चीड रास्त आहे. पद्धत पहिल्या ओळीत ठळक छापली तर बाहेरच्यांचे हाल वाचतील.

वाटसरू
तरीही पाठवून बघायला काय जातंय?

भास्करनाना
वेळ जातोय! तोच वेळ त्यांनी सरळसेवेच्या अर्जाला दिला तर काही हाती लागेल.

जुनी_फाईल
ताई, यूपीएससीच्या संकेतस्थळावर थेट भरतीच्या जाहिराती येतात, त्यांवर लक्ष ठेवा. लेव्हल ११ च्या बऱ्याच पदांना ४० पर्यंत वय चालतं. फी २५ रुपये, तीही महिलांना माफ. तिथे खाजगी अनुभव धरतात, पण प्रमाणपत्र त्यांच्या नमुन्यात हवं: कधीपासून कधीपर्यंत, कुठल्या पदावर, नेमकं काम काय. 'चांगलं काम केलं' असलं पत्र चालत नाही. पाण्यातले जड धातू कुठल्या यंत्रावर मोजले, अहवालावर सही तुमची होती का, असं सगळं त्यात येऊ द्या. अनुभव मोजतात तो आवश्यक पदवी मिळाल्यानंतरचा. अर्ज फार आले तर अनुभवाची अट वर नेऊन यादी छाटतात, म्हणून एक महिनाही कागदाबाहेर ठेवू नका.

ध्येयवेडा
पण आता जुनी पेन्शन कुठे राहिलीय? २००४ पासून केंद्रात एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना). एवढी धडपड कशासाठी?

भास्करनाना
एप्रिल २०२५ पासून यूपीएसचा (एकीकृत पेन्शन योजनेचा) पर्यायही आहे. आणि पेन्शनचं त्यांनी विचारलेलंच नाही.

सहस्रधारा
जुनी_फाईल, मनापासून आभार. तो अर्ज सोडला. एचआरकडे आता फक्त अनुभव प्रमाणपत्र मागणार, ते तरी देतील. पण माझी पहिली लॅब बंद पडलीय. तिथल्या वर्षांचं काय? सॅलरी स्लिपा आणि नेमणूक पत्र आहे.

वाटसरू
स्लिपा पुरतात.

जुनी_फाईल
नुसत्या स्लिपांवर विसंबू नका, त्यात कामाचं स्वरूप कुठे असतं? नमुन्यातलं प्रमाणपत्र मिळणं शक्यच नसेल तर पर्यायी कागद त्या-त्या प्रकरणानुसार विचारात घेतात, खात्री मात्र नाही. तिथले तुमचे तेव्हाचे विभागप्रमुख संपर्कात आहेत का? लॅब बंद पडली की दुसऱ्या कंपनीत विलीन झाली?

सहस्रधारा
विलीन झाली असावी. नव्या मालकाचं नाव शोधून उद्या सांगते.