पीएचडी: ‘अमृतानुभवातील काव्य आणि तत्त्वज्ञान’ असा विषय चालेल का?

नवा_संशोधक:
मराठी विभागात ज्ञानदेवांच्या ‘अमृतानुभवा’वर नोंदणी करायची आहे. आराखड्यात एक प्रकरण काव्यावर (दृष्टांत, रूपक, ओवी) आणि एक तत्त्वज्ञानावर (मायावाद म्हणजे जग भास आहे हे मत, चिद्विलास म्हणजे जग चैतन्याचाच खेळ आहे हे मत) धरलं आहे. मार्गदर्शकांचं म्हणणं, शीर्षकातला ‘आणि’च अडचणीचा आहे. नेमकं काय बदलू? आठशेच्या आसपास ओव्या आहेत, सगळ्या घ्याव्या लागतील का?

तिसरा_रकाना:
मार्गदर्शक बरोबर बोलतायत. तुमच्या आराखड्यातून अलंकारांची यादी निघेल आणि वेदान्ताचा सारांश निघेल, दोघांची गाठ कुठेच पडणार नाही.

दहाही प्रकरणं घेऊ नका. सहावं, शब्दखंडन (शब्दाच्या सामर्थ्याचं खंडन), पुरे. सातवं अज्ञानखंडन एकटंच तीनशेच्या घरात आहे, ते जमलं तर नंतर. प्रश्न एवढाच ठेवा: दृष्टांत काढून टाकला तर युक्तिवाद उरतो का? वहीत प्रत्येक ओवीपुढे तीन रकाने आखा: विधान, दृष्टांत, आणि दृष्टांताशिवाय दिलेलं कारण. शब्द आठवण करून देतो, पण आत्म्याला विसरच पडलेला नाही, मग आठवण कुणाला? हे कारण उपमेविना उभं राहतं, तिसरा रकाना भरला. जिथे तो रिकामा राहतो तिथे दृष्टांतच युक्तिवाद करतोय. प्रबंधाचा खरा माल त्या ओव्यांत आहे.

पाठभेद:
रकाने भरण्याआधी ओवीचा पाठ, म्हणजे मूळ शब्द आणि त्यांचं वाचन, पक्कं करा. सहाव्याची पहिलीच ओवी घ्या:

बाप उपेगी वस्तु शब्दु । स्मरणदानीं प्रसिद्धु । अमूर्ताचा विशदु । आरिसा नव्हे ॥

‘आरसा नाही’ असा अर्थ लावाल तर फसाल. इथे नकार नाही, ‘आरसाच नव्हे का?’ असं विचारलंय. पुढच्याच ओवीत या आरशाची थोरवी आहे: न पाहणाऱ्यालाही तो पाहता करतो. म्हणजे आधी शब्दाची भरपूर स्तुती, मग खंडन. पहिली ओवी नकारार्थी घेतली की खंडन सुरुवातीपासूनच चालू आहे असं वाटतं आणि प्रकरणाची सगळी चाल हुकते. छापील प्रतीत प्रश्नचिन्ह असेलच असं नाही. दोन आवृत्त्या आणि अमृतानुभवावरची शिवकल्याणांची जुनी टीका (भाष्य) शेजारी ठेवा. ओवीक्रमांक आवृत्तीगणिक सरकतात, तेव्हा कोणती प्रत धरली ते पहिल्याच तळटीपेत सांगून टाका.

सूत्रधार:
आणखी एक घसरण. तिसऱ्या प्रकरणात शिवसूत्राचं (काश्मीर शैव मताचा मूळ सूत्रग्रंथ) नाव घेऊन ‘ज्ञान बंधु’, म्हणजे ज्ञान हेच बंधन, असं येतं. ते दिसलं की लोक लगेच ‘काश्मीर शैव प्रभाव’ असं प्रकरण लिहून मोकळे होतात. त्या ओवीवरून ज्ञानदेवांना सूत्र माहीत होतं एवढंच ठरतं. त्यावरची टीका वाचली होती, हे ठरत नाही.

खरी मौज संधीत आहे. ‘चैतन्यमात्मा’ आणि ‘ज्ञानं बन्धः’ ही लागोपाठची सूत्रं जोडून म्हटली की ‘आत्माज्ञानं’ होतं, आणि त्यातून (आत्मा + अज्ञानं) ‘अज्ञान’ही निघतं. शिवसूत्रांचा टीकाकार क्षेमराज दोन्ही पाठ धरतो. ज्ञानदेव सरळ ‘ज्ञान’ घेतात, कारण अविद्या घालवणारी विद्याही बंधनच, हे त्यांना दाखवायचंय. पाठाची निवड इथे तत्त्वज्ञानाचंच काम करते, म्हणून यावर वेगळा विभाग लिहाच.

जाता जाता: उद्धृत ओव्यांमुळे साम्य-अहवालाचा (वाङ्मयचौर्य तपासणीचा) आकडा फुगतो. यूजीसीच्या 2018च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंत कारवाई नाही आणि नीट श्रेय दिलेली अवतरणं वगळता येतात. त्यासाठी ती सुटी आणि अवतरणचिन्हांतच ठेवा, परिच्छेदात मिसळू नका.