कोवेलो आणि ईस्ट हार्लेमची शाळा

काहीजण म्हणतात, स्थलांतरितांची मुलं शिकली की आपल्या वस्तीपासून तुटतात. लिओनार्ड कोवेलोंचं बघा की! दक्षिण इटलीतलं आविल्यानो हे त्यांचं गाव. लहानपणीच न्यूयॉर्कला आले, शिकले, शिक्षक झाले. इटालियनला तिथल्या सरकारी हायस्कुलांत इतर परभाषांच्या बरोबरीचं स्थान मिळावं म्हणून झगडले, आणि १९२२ मध्ये ते मिळालंही. पण मला भारी वाटतं ते पुढचं. १९३४ मध्ये ईस्ट हार्लेममध्ये, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या इटालियन स्थलांतरितांच्या मोठ्या वस्तीत, बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूल निघालं, मुख्याध्यापक हेच. शाळा रात्रीही उघडी, शिवाय आसपासचे रिकामे गाळे घेऊन तिथे वाचनालय, वस्तीची मंडळं. नंतर वस्तीत पोर्तोरिकन, म्हणजे कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको बेटावरची, कुटुंबं आली, तर त्यांच्यासाठीही तितक्याच हिरिरीने उभे राहिले. आपल्याच माणसांपुरतं पाहणारे पुष्कळ असतात हो.