पहाटेची बदके: शिकारी पाहुण्याला गोव्यात कुठे न्यावे?

मांडवीकाठ: माझे मामेभाऊ कॅनडात स्थायिक असून तेथे दर हंगामात रीतसर परवाना काढून बदकांची आणि कलहंसांची शिकार करतात. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी झाडायला मुभा असल्यामुळे अंधारातच आडोशाला जाऊन बसायचे, ही त्यांची सवय. जानेवारीत ते आमच्याकडे म्हापशाला येणार आहेत आणि येथेही तशी एखादी पहाट मिळेल का, असे विचारतात. त्यांना काय सांगावे?

वायंगण: बंदुकीचा विषय आधीच मिटवून टाका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे आणि परवाना घेऊन पाखरे मारण्याची जी वाट त्यात उरली होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. पहाट मात्र त्यांना नक्की द्या आणि त्यासाठी करमळीच्या तळ्यावर न्या. अडई बदके रात्रभर शेतांत चरून उजाडताना शीळ घालत पाण्यावर परततात. ते पाहायचे तर फटफटण्यापूर्वी काठावर असायला हवे. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे म्हापशाहून साडेपाचला तरी निघा.

जागा निवडताना त्यांचेच ज्ञान वापरा. बदक वाऱ्याला तोंड देऊन उतरते, आणि हिवाळ्यात पहाटेचा वारा आपल्याकडे बहुधा जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून येतो. त्यामुळे पूर्वेच्या काठाला राहिल्यास थवे समोरून येतात आणि ऊनही पाठीशी राहते. मळकट रंगाचे कपडे घालावेत आणि थवा डोक्यावरून जाताना तोंड वर करू नये, हे त्यांना सांगावे लागणार नाही. बरोबरच्या मुलांना मात्र बजावून ठेवा. अडईखेरीज तलवार बदके, थापट्या आणि इवलासा काणूकही दिसू शकतो.

खाजनवाट: करमळीला दुजोरा. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणच्या सलीम अली अभयारण्यात नेण्याचा मोह होईल, पण तेथे खारफुटी आहे. खंड्या आणि बगळे पाहायला ती जागा उत्तम, बदकांसाठी नव्हे. दुसरी सकाळ कुडचड्याजवळच्या नंदा तळ्याला द्या. २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेलेले ते गोव्यातले पहिले पाणथळ.

मांडवीकाठ: आणि कलहंस? भावांचा खरा जीव त्यांच्यातच आहे.

वायंगण: त्यासाठी गोव्यात हट्ट धरू नये, निराशाच पदरी पडेल. मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हे कलहंस थव्याने पाहायचे असतील, तर घाट चढून कर्नाटकातल्या गदग जिल्ह्यातील मागडीच्या तलावावर मुक्कामी जा. तेथेही ते पहाटेच शेतांकडे चरायला निघतात, तेव्हा झोपेचे खोबरे अटळ आहे.

मांडवीकाठ: आभारी आहे. बंदुकीचे ऐकून भाऊ थोडे हिरमुसले. परंतु वाऱ्याची गोष्ट सांगताच दुर्बीण कोणती आणू, असे त्यांनी विचारले.

खाजनवाट: आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि बेचाळीस मिलिमीटर भिंगाची, आणायला सांगा. पहाटेच्या अंधुक प्रकाशात दहापट मोठे दाखवणारीपेक्षा तीच बरी पडते, आणि हातही कमी थरथरतो.