नोव्हेंबर २०२०: चीनचं एमबीबीएस घरून, आता डिंगटॉकपण (ज्यावर ऑनलाइन क्लास होतात ते चिनी ॲप) बंद. क्लास कसे करताय?

मी सेकंड इयरला, कोरोनामुळे मार्च २०२० पासून चीनने परदेशी लोकांना एन्ट्री बंद केलीये म्हणून सांगलीत घरीच आहे. तिकडचे आठ म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, तेही जमवतो, पण जूनमध्ये आपल्या सरकारच्या बंदीत वीचॅट (चिनी मेसेजिंग ॲप) गेलं आणि आता नोव्हेंबरमध्ये डिंगटॉकवर बंदी, लेक्चर बघायचं कसं?

> आमचे सर झूमवर घेतात. सगळ्यांनी मिळून कॉलेजला मेल करा, एकट्याला कोण उत्तर देत नाही. रेकॉर्डिंग मागाच, रेंज गेली की अख्खा तास जातो.

> लेक्चरचं होईल रे, प्रॅक्टिकलचं काय? माझी मुलगी डिसेक्शन मोबाईलवर बघते, त्याने हात कसा बसणार? जीव तुटतो बघून.

> खरंय काकू, मलापण तीच भीती आहे. मेल आजच करतो.